बाई, धावू नको म्हणतात. मग करू काय?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २१. पोलीस भरतीची तयारी करते. फेब्रुवारीपासून रोज पहाटे गावच्या डांबरी रोडवर पळत होते. ८०० मीटरचा टाइम ३ मिनिटं २५ सेकंदांवरून ३:०५ वर आला होता. मार्चअखेर उजव्या पायाची नळी दुखायला लागली. गोळी खाऊन पळत राहिले. नंतर तर चालतानाही दुखू लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, तरी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं. पंधरा दिवस झाले, बाजेवर पडून आहे. आई म्हणते, "काऊन जीव काढून रायली, पडून राय ना." मैत्रिणी ग्राउंडचे व्हिडिओ टाकतात, ते पाहून रडू येतं. तुम्ही या सदरात व्यायामही सांगता आणि पुस्तकंही, म्हणून लिहिते. या उन्हाळ्यात दम कसा टिकवू आणि काय वाचू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पायाआधी रोडपाशीच अडकले. खेड्यातला डांबरी रोड मधून उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय कायम वर पडतो, एक खाली. त्यात तू दररोज घड्याळ लावून ८०० मारत असणार. तुम्ही सगळ्याच मारता. दोन महिन्यांत वीस सेकंद कमी केलेस, शाब्बास. पण दम लवकर वाढतो, हाडाला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागतात. ते अजून तयार होतच होतं, तोवर तू पुढचं ओझं टाकलंस. वरून गोळी. गोळीने दुखणं जात नाही, ऐकू येत नाही इतकंच.

आता बाजेवर बस, पाय लांब कर आणि नळीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर एका बोटाने दाबत जा. वीतभर पट्ट्यात सगळीकडे ठसठसत असेल तर बहुधा हाडाला लागून असलेला भाग चिडलाय. त्यालाच तुम्ही पोरी शिन पेन म्हणता. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय धरायचा. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी एक्स-रे कोरा असूनही धावणं बंद केलं, ते बरोबर केलं. बोटाखाली एकच जागा सापडली तर मी पुढे लिहिलेलं काहीही करण्याआधी त्यांच्याकडे परत जा आणि एमआरआय लागेल का ते विचार.

आणखी एक. तू लिहिलं नाहीस, पण मी विचारणारच. पाळी वेळेवर येते का? पळणं वाढवायचं आणि वजन कमी करायचं म्हणून जेवण घटवायचं, असं करणाऱ्या पोरींची पाळी लांबते, कधी थांबते, आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. पोरी गुडघा दाखवायला लगेच यायच्या. पाळीचं विचारलं की बुटाची लेस बांधायला खाली वाकायच्या. तीन महिने पाळी आली नसेल तर आईला सांग, डॉक्टरलाही सांग. आणि पोटभर जेव. दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे, वरण. अर्धी भाकर खाऊन कोणी भरती होत नाही.

सूज-ठणका असेल तर दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बर्फ. घरी फ्रीज नसेल तर किराणावाल्याकडे पेप्सी मिळते ना, प्लास्टिकच्या नळीतली लाल-नारंगी? तशा दोन आण, ओल्या पंच्यात गुंडाळ आणि नळीवर बांध. उघड्या कातडीवर बर्फ लावायचा नाही. शेक झाल्यावर ती खाल्लीस तरी माझी हरकत नाही.

आता दमाचं. अगदी पडून राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत दम उतरायला लागतो, आणि तुझे पंधरा दिवस गेलेच आहेत. पण पाय न आपटता छाती धडधडेल असं काही करत राहिलं तर बराचसा टिकतो. त्यासाठी आपल्याकडे दोन गोष्टी आहेत, विहीर आणि सायकल.

पोरींनी विहिरीत पोहायचं म्हटलं की गावात चर्चा होते, ठाऊक आहे मला. होऊ दे. मामाच्या किंवा काकाच्या वावरातली, पायऱ्यांची, पाणी असलेली विहीर धर आणि सोबत पोहता येणारं मोठं माणूस घे. एकटीने कधीही नाही. उतरण्याआधी मोटार बंद करायची. नुसतं स्टार्टरचं बटन दाबून भागत नाही, लाइट कधी येते-जाते त्याचा भरवसा नाही आणि ऑटो स्विच असला तर मोटार आपोआप सुरू होते. मेन खाली पाडायचा, फ्यूज काढायचे आणि जो काठावर बसणार त्याच्या खिशात ठेवायचे. पाण्यात करंट उतरून आपल्या भागात माणसं गेलेली आहेत. ओढणी आणि सलवार घरी ठेव, ओली झाली की दगडासारखी ओढते. ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घाल. ट्रकची ट्यूब काखेखाली घे आणि खोल पाण्यात उभी राहा, तळाला पाय लागता कामा नये. मग धाव. खरंच धाव, गुडघे वर, कोपर मागे, रोडवर धावतेस तसं. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं दहा वेळा केलंस की ट्यूबला लटकून बसावं वाटेल. तीन दिवस हे, तीन दिवस सायकल, एक दिवस काही नाही. पोहता येत नसेल किंवा विहिरीने तळ गाठला असेल तर फक्त सायकल, सीट उंच करून, आणि पाय दुखला की थांबायचं.

हे सगळं पहाटे, सात वाजायच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि २५ तारखेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. अकरा ते चार घराबाहेर व्यायाम म्हणजे वेडेपणा.

गोळाफेक विसरलीस ना? ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० तुझ्या ८०० ला, १५ शंभर मीटरला आणि १५ गोळ्याला. पोरी पळून पळून पाय मोडतात आणि ४ किलोचा गोळा आठवड्यातून एकदा उचलतात. अंगणात स्टुलावर बस, पाय जमिनीवर नुसते टेकव आणि बसूनच फेक. कंबर आणि खांदा काय करतात ते बसल्यावर जास्त कळतं. सहा आठवड्यांत एखादा मीटर जरी वाढला तरी तो पुढे तुझ्या कामाचा आहे.

वाचायचं काय, हे तू शेवटी विचारलंस. माझ्या बाबतीत मात्र आधी तेच घडलं. १९८३ च्या उन्हाळ्यात माझ्या पावलाच्या हाडाला चीर गेली, पोटरीपर्यंत प्लास्टर घातलं. वडिलांनी बाज ओसरीत आणून टाकली. समोर आई, काकू आणि शेजारच्या चार जणी शेवया करायच्या. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि मी विणकामाची सुई घालून खाजवायची. (तू असलं काही करू नको, मला जखम झाली होती.) गावच्या वाचनालयातून भावाने हाताला लागलं ते पुस्तक आणलं, उद्धव शेळके यांचं 'धग', १९६० सालचं. मी मनात वाचत होते. काकू म्हणाली, "एकटीच काय वाचून रायली वं? मोठ्यानं वाच, आमचे हात रिकामे नाई, कान तं हायेत."

वाचायला लागले तर सगळं आपल्याच बोलीत. कौतिक नावाची शिंप्याच्या घरची बाई, नवऱ्याचा संसाराला हातभार नाही, सगळं ओढते ती एकटी. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूचा पिठाचा हात तसाच थांबला. म्हणाली, "थांब. थे परत वाच." मी परत वाचलं. कोणी बोललं नाही. मग शेजारची म्हातारी म्हणाली, "इच्या नवऱ्याले कोनी कामाले लावा ना!" आणि सगळ्या हसल्या, काकू सोडून. काकूचं घर कसं चाललं होतं ते मला त्या दुपारी समजलं. तोवर मी तिच्या हातच्या शेवयाच खाल्ल्या होत्या. पुस्तक जड आहे, शेवटानंतर दोन दिवस घरात त्याचंच सावट होतं. पण तू हेच घे, आणि एकटीने वाचू नको. तुझी आई दुपारी तूर निवडत असेल, कुरडया घालत असेल, तिथे बस आणि मोठ्याने वाच. "पडून राय" म्हणणारी आई दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारेल, पुढं काय झालं.

दुसरं, मारुती चितमपल्ली यांचं मिळेल ते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या आपल्याच रानांत नोकरी केलेला वनाधिकारी. ते पहाटेसाठी ठेव. विहिरीवरून आल्यावर नींबाखाली बसून चार पानं वाचायची आणि मग वर पाहायचं. टुक-टुक असा एकसारखा ठोका ऐकू आला तर तो तांबट. मेच्या शेवटी पावशा ओरडायला लागेल, "पेरते व्हा" म्हणतो तोच. तू दोन महिने त्या वेळी रोडवर पळत होतीस, कानात इअरफोन घालून. काही ऐकलं असशील असं वाटत नाही.

भरतीचं गाइड वाचन म्हणून मोजू नकोस. लेखीचे १०० गुण आहेत, त्याला संध्याकाळचे दोन तास दे आणि पुस्तक बंद कर. आणि कोणतंही पुस्तक असो, एक प्रकरण संपलं की उठायचं. पंचा जमिनीवर पसर आणि पायाच्या बोटांनी ओढून गोळा कर, दहा वेळा. पाठीवर झोपून कंबर उचल, पंधरा वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचल. नळी दुखायची थांबल्यावर भिंत धरून टाचा उचलणं सुरू कर, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. पोटरी बळकट झाली की नळीवरचा भार घटतो. प्रकरण लांबलचक असलं तर लेखकाला दोष दे, व्यायाम चुकवू नको.

व्हिडिओ बघून रडू येतं म्हणतेस. ते स्टेटस महिनाभर म्यूट कर, मैत्रिणी रागावणार नाहीत. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे तुला माहीत असेलच. २०१८ साली दुखापतीमुळे त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८:२९.८० मध्ये धावून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. मधले महिने त्याने व्हिडिओ बघत काढले नसावेत.

सहा आठवडे झाले की कॅलेंडर पाहून पळत सुटू नको. अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही, बोटाने दाबून दुखत नाही, त्या एका पायावर दहा उड्या मारून दुखत नाही, ही तिन्ही जमली आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. पहिले पंधरा दिवस एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ-दहा वेळा, एक दिवसाआड, शाळेच्या मैदानावर नाही तर पांदणीच्या मऊ मातीत. नांगरलेल्या वावरात नाही, घोटा मुरगळेल. घड्याळ घरी. बूट बघ, टाचेला एका बाजूने झिजले असतील तर बदल. भावाचे जुने बूट चालणार नाहीत. पाऊस पडला की पांदणीचा चिखल होतो, तेव्हा रोडवर यावंच लागेल. मग एक दिवस या कडेने आणि एक दिवस त्या कडेने, येणारी गाडी समोर दिसेल असं पाहून.

प्रश्न : मॅडम, क्रिकेट खेळताना घोटा मुरगळला, तीन आठवडे घरी आहे. बाबा म्हणतात पुस्तक वाच. दोन पानांत झोप येते. काय करू? (वय १६, ता. दारव्हा)

उत्तर : कधी वाचतोस ते लिहिलं नाहीस. जेवण करून दुपारी दोनला कूलरसमोर वाचत असशील तर मलाही झोप येते. सकाळी वाच, बसून वाच, आणि बाबांनी दिलेलं पुस्तक बाबांना परत दे. तुझ्या गावात नाही तर शेजारच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय असेल. आमच्या गावचं तेवढंच आहे, एक खोली आणि सहा कपाटं, किल्ली किराणावाल्याकडे. स्वतः जाऊन कपाटापुढे उभा राहा, वीस पुस्तकं उघडून प्रत्येकाचं पहिलं पान वाच. एकोणीस परत ठेवलीस तरी कोणी रागावणार नाही. घोटा सुजलेला असेल तर सायकलवर डबलसीट जा, आणि जाताना बहिणीलाही विचार तिला काय हवंय, एका कार्डावर बहुतेक ठिकाणी दोन देतात.