जाळी नंतर, आधी चौक

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. अबुधाबीच्या अल बहर मनोऱ्यांवरची, उन्हाप्रमाणे उघडमीट करणारी जाळी पाहून भारावले. नव्या घरात पारंपरिक अरब घर आणायचं, तर अशी आधुनिक मश्रबिया, म्हणजे अरब घरांच्या खिडक्यांवरची नक्षीदार जाळी, पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. ते मनोरे कचेऱ्यांचे. त्यांना उन्हाशी झुंजायचं होतं आणि २०१२ साली त्यांनी ते फार देखणेपणाने साधलं. घरात माणसं राहतात, तिथे ऊन हा अर्धाच प्रश्न.

सौदीत आठ वर्षं मी घरांचे आराखडे केले. पहिल्याच व्हिलाला दर्शनी बाजूस नक्षीदार ॲल्युमिनियमची जाळी लावली. वर्षाने गेलो तर जाळीमागचे पडदे कायमचे ओढलेले, कुंपणभिंतीवर उंच पत्रा चढवलेला. चूक माझी होती. घर प्लॉटच्या मधोमध, चारी बाजूंना सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. म्हणजे प्रत्येक खिडकी शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. तिथे नक्षी काय करणार?

कैरोतलं बैत अल-सुहैमी हे जुनं घर बघा, १६४८चं. रस्त्यावरून आत शिरलं की वाट वळते, त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी आतलं दिसत नाही. खोल्या घराच्या आतल्या, आभाळाला उघड्या चौकाकडे तोंड करून. सावलीतला चौक आणि मागची बाग यांच्यामध्ये तख्तबूश नावाची उघडी, छपराखालची बैठक. बाग तापते, तिथली हवा वर जाते आणि चौकातली गार हवा बैठकीतून ओढली जाते. हे मला आजही थक्क करतं.

आजच्या घरात हे जमतं. वास्तुकार अब्देल-वाहिद अल-वकील यांनी इजिप्तमध्ये अगामीला बांधलेल्या हलावा घरात चौकही आहे, वारा पकडणारा झरोकाही. त्याला १९८० साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. नियम परवानगी देतील तिथे घर हद्दीच्या भिंतीपर्यंत न्या आणि वाचलेली जागा मधे चौकाला द्या. मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, रस्त्याजवळ, तिची वाट वेगळी. पाहुणे आले म्हणून घरातल्या बायकांनी खोलीत जाऊन बसायला नको. एसी लागणारच, म्हणून चौकाकडची दारं नीट घट्ट बसणारी हवीत.

मश्रबिया लावाच, पण तिची वीण समजून. नजरेच्या उंचीला दाट, वर विरळ : खाली आडोसा मिळतो, वरून वारा येतो. सगळीकडे एकसारखी कापलेली जाळी यातलं एकही काम धड करत नाही.

पुढच्या आराखड्यात दार उघडल्यावर रस्त्यावरच्या माणसाची नजर कुठवर पोचते, ती रेषा सगळ्यात आधी आखा. तो कागद मला पाठवा, मी नक्की पाहीन.