पॉइंट गार्डचा खेळ खरंच सुधारलाय की नुसते आकडे फुगलेत?

प्रश्न असा आहे: बास्केटबॉलमधल्या एका पॉइंट गार्डचे (चेंडू घेऊन हल्ला रचणाऱ्या खेळाडूचे) दोन हंगामांतले सामन्यामागचे गुण १२ वरून १६ वर, असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते ते पास) ६ वरून ८ वर आणि टर्नओव्हर (चेंडू समोरच्या संघाला गमावणं) ३ वरून ४ वर गेले. तुमच्या मते तो सुधारला, मित्र म्हणतो काही बदललेलं नाही. तो मैदानावर २४ मिनिटं असायचा, आता ३४ असतो, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि सगळी गोम तिथेच आहे.

३६ मिनिटांच्या हिशोबात मांडून बघा. गुण १८ वरून १६.९, असिस्ट ९ वरून ८.५, टर्नओव्हर ४.५ वरून ४.२. असिस्ट-टर्नओव्हरचं प्रमाण दोन्ही वर्षी दोनास एक. म्हणजे या आकड्यांपुरता मित्र बरोबर आहे. फक्त एक गोष्ट तो विसरतोय. जादाची दहा मिनिटं बहुधा समोरच्या संघाच्या पहिल्या पाचांविरुद्ध, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडूंविरुद्ध, जातात. तिथे तीच पातळी टिकवणं सोपं नसतं.

वेगळ्या काळातले हंगाम ताडून बघायचे असतील तर मिनिटंही पुरत नाहीत, शंभर पझेशनमागचे (पझेशन म्हणजे चेंडू एका संघाकडे असण्याची एक पाळी) आकडे घ्या. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संघाला ४८ मिनिटांत साधारण ९० पझेशन मिळत, २०१८-१९ पर्यंत ती १०० च्या आसपास गेली. खेळाडूने काही न करता आकडे दहा टक्के वाढतात ते असे.

दुसरा सापळा भूमिकेचा. केविन ड्युरंट २०१६ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा सिटीचा संघ सोडून गेला आणि तिथला पॉइंट गार्ड रसेल वेस्टब्रुक याचे सामन्यामागचे गुण २३.५ वरून ३१.६ वर गेले. शॉट मात्र सामन्याला १८ वरून २४ झाले, शॉटची टक्केवारी ४५.४ वरून ४२.५ वर घसरली, टर्नओव्हर ४.३ चे ५.४ झाले. असिस्ट दोन्ही हंगामांत १०.४ च. थ्री-पॉइंटरची (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, थोडक्यात ‘थ्री’ची) टक्केवारी २९.६ वरून ३४.३ झाली, तेवढं त्याच्या पदरात घालावं लागेल. बाकीची वाढ बरीचशी चेंडू जास्त वेळ हातात राहिल्याची.

म्हणून ‘तो सुधारला का’ हा प्रश्नच मला ढोबळ वाटतो. नेमबाजी, चेंडूवरचा ताबा, पास आणि निर्णय यांचा न्याय वेगवेगळा करावा लागतो, कारण एक वर जात असताना दुसरं खाली येऊ शकतं.

नेमबाजी तपासायची तर आधी फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक) बघा. तिथे बचावपटू नसतो, अंतर बदलत नाही, सहकाऱ्याची मदत नसते. एनबीएतला पॉइंट गार्ड लोन्झो बॉल याचं उदाहरण घ्या. पहिल्या हंगामात थ्री ३०.५ टक्के आणि फ्री थ्रो ४५.१ टक्के. तो चेंडू चेहऱ्याच्या डाव्या बाजूला नेऊन सोडायचा. न्यू ऑर्लिन्सच्या संघात गेल्यावर ही ढब बदलली. २०२०-२१ मध्ये थ्री ३७.८ आणि फ्री थ्रो ७८.१. दोन्ही सोबत वाढले की समजावं, हात सुधारलाय. थ्री वाढले आणि फ्री थ्रो जागेवरच असतील, तर मोकळे शॉट जास्त मिळू लागलेत का ते आधी तपासा.

किती शॉटवरून बोलताय तेही बघा. ३५ टक्क्यांचा नेमबाज शंभर थ्री मारताना नुसत्या योगायोगाने २६ ते ४४ टक्क्यांमध्ये कुठेही सापडू शकतो. चारशे शॉटनंतर तो पट्टा ३० ते ४० पर्यंत आवळतो. महिनाभराच्या टक्केवारीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि रेषाही बघा. एनबीएने १९९४-९५ ते १९९६-९७ या तीन हंगामांत थ्रीची रेषा सगळीकडून २२ फुटांवर आणली होती. एरवी कोपरे सोडले तर ती २३ फूट ९ इंच असते. पॉइंट गार्ड जेसन किडने १९९४-९५ मध्ये त्या जवळच्या रेषेवरून २७.२ टक्के थ्री मारले आणि २००९-१० मध्ये लांबच्या रेषेवरून ४२.५ टक्के. त्याचे सामन्यामागचे गुण मात्र २००२-०३ मधल्या १८.७ वरून २०१०-११ मध्ये ७.९ वर आले होते. पायातली ताकद गेली, हात सुधारला. नुसते गुण बघणाऱ्याला यातलं अर्धंच दिसतं.

टर्नओव्हर वाढले म्हणजे खेळ बिघडला असंही नाही. त्यांचे प्रकार पाडा: ड्रिबल सुटला किंवा हातातून चेंडू काढून घेतला, पास चुकला, ऑफेन्सिव्ह फाउल (हल्ला करणाऱ्याकडूनच झालेला फाउल) झाला. पहिला प्रकार कमी होत असेल तर ताबा सुधारतोय. पास चुकण्याचं प्रमाण वाढलंय पण तो पूर्वी न दिसणारे पास द्यायला लागलाय, तर शिकतोय. टर्नओव्हरची प्रचलित टक्केवारी, म्हणजे टर्नओव्हर ÷ (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो + टर्नओव्हर), इथे फसवते. तिच्या छेदात असिस्ट नाहीत, त्यामुळे शॉट कमी घेऊन पास देणारा गार्ड उगाच वाईट दिसतो.

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा आकड्यांत नसून समोरचा संघ त्याला कसा अडवतो यात असतो. पिक अँड रोल बघा: एक सहकारी गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो (स्क्रीन लावतो) आणि मग बास्केटकडे धावतो (रोल करतो). गार्डच्या शॉटची भीती नसेल तर त्याचा बचावपटू स्क्रीन लावणाऱ्याच्या मागून, बास्केटच्या बाजूने निघून जातो, म्हणजे ‘अंडर’ जातो. भीती असेल तर तो स्क्रीनवर घासून ‘ओव्हर’ येतो, आणि मग आतला रस्ता उघडतो. पहिल्या हंगामात अंडर जाणारे संघ दुसऱ्यात ओव्हर यायला लागले असतील, तर प्रशिक्षकांनी तुमच्या वादाचा निकाल आधीच दिलाय. ते याहून पुढे जाऊन दोघांनी मिळून चेंडूवर तुटून पडत असतील, तर आणखी उत्तम.

मग पुढच्या दोन सेकंदांत तो काय करतो ते बघा. कच्चा गार्ड स्क्रीनवरून निघाल्यावर बचावपटूला परत समोर येऊ देतो, चेंडू दोन्ही हातांत धरतो आणि मग पास शोधतो. पक्का गार्ड वेग कमी करून बचावपटूला पाठीवर अडकवून ठेवतो, चालू ड्रिबलमधून एका हाताने पास देतो, आणि डावा असो की उजवा, कुठल्याही हाताने देऊ शकतो. रोल करणाऱ्याला अडवायला पलीकडच्या कोपऱ्यातला बचावपटू आत सरकतो. त्याचं पाऊल पडण्याआधी चेंडू त्या कोपऱ्याकडे निघालाय की नंतर, इथे निर्णयाचा वेग दिसतो. तो पास मिळालेल्याने शॉट चुकवला तर असिस्ट लागत नाही. म्हणून शॉट गेला की नाही ते न बघता पास बरोबर होता का ते नोंदवा.

तुमच्या खेळाडूसाठी दोन्ही हंगामांतले त्याच दोन-तीन संघांविरुद्धचे सामने निवडा आणि प्रत्येक हंगामातले तीसेक पिक अँड रोल ओळीने बघा. प्रत्येकाला चारच रकाने: बचाव अंडर की ओव्हर, निघाला डावीकडे की उजवीकडे, पास ड्रिबलमधून की चेंडू धरून, निर्णय बरोबर की चूक. ‘छान दिसले’ तेवढेच निवडायचे नाहीत, आणि चौथा रकाना मित्राला भरायला द्या.