वाचकांचे प्रश्न : पूर्णविराम, निळ्या खुणा आणि आजीची आगरी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पूर्ण वाक्यांत आणि शुद्ध लिहिते. परवा ‘आज येणार नाही. तुम्ही जेवून घ्या.’ असे लिहिले, तर नातीने लगेच विचारले, ‘आजी, रागावलीस का?’ शेवटी पूर्णविराम दिला की तुटक वाटते, असे तिचे म्हणणे. उलट माझा निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसूनही तिचे उत्तर संध्याकाळपर्यंत येत नाही, त्यात मात्र तिला काही वावगे वाटत नाही. दर वेळी आम्हीच का बदलायचे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या नातीला जे जाणवले, ते केवळ तिच्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेतील बिंगहॅमटन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना काही छोटे संवाद वाचायला दिले होते. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल, तर ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते, असे त्यांना आढळले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना मात्र असा फरक दिसला नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. मोबाइलवर निरोप पाठवला की वाक्य आपोआप संपते, त्यामुळे तिथला पूर्णविराम गरजेपुरता राहत नाही आणि गरजेपेक्षा जास्त काही दिसले की वाचणारा त्यात अर्थ शोधू लागतो.

आपण वर्षानुवर्षे शिकवलेली विरामचिन्हेही मराठीत मुळापासून नव्हती. मोडीतले कागद सलग लिहिलेले असत. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा किंवा चिन्हे देण्याचा रिवाज नव्हता. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवरची विरामचिन्हे मराठीत रुजवली. त्याआधी आदर, जवळीक, वय, नाते हे सारे पत्राच्या मायन्यातून कळत असे. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘शिरसाष्टांग नमस्कार’, ‘लोभ असावा’ या शब्दांनी आवाजाचा आणि चेहऱ्याचा अभाव भरून काढला होता. मोबाइलवर मायना गेला आणि ती जागा रिकामी राहिली.

ती कशी भरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ स्कॉट फाहलमन यांनी सहकाऱ्यांना सुचवले की, थट्टेत लिहिलेले कुणी खरे मानू नये म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा काढावा. पुढे जपानमध्ये डोकोमो कंपनीच्या पेजरवरचे हृदयाचे चिन्ह तरुणांमध्ये फार लोकप्रिय झाले. कंपनीने एका नव्या पेजरमधून ते वगळले, तेव्हा ग्राहक नाराज झाले. त्याच कंपनीत काम करणाऱ्या, तेव्हा पंचविशी ओलांडलेल्या शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ चित्रे तयार केली. एकेक चित्र बारा ठिपके उंच आणि बारा ठिपके रुंद, म्हणजे अवघ्या १४४ चौकोनांत ऊन, पाऊस, घाम आणि मोडलेले हृदय. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये ती आपल्या संग्रहात घेतली. कुरिता यांनी चित्रे काढली हे खरे, पण हृदय हवेच, हे ठरवले ते पेजर वापरणाऱ्या मुलामुलींनी. साधन कोणीही बनवो, त्याची रीत वापरणारे ठरवतात, आणि वापरणाऱ्यांत आपणही आहात. हात जोडलेले चित्र जपानमध्ये विनंती किंवा आभार सांगते. आपल्याकडच्या ज्येष्ठांनी त्याचा सरसकट नमस्कार केला आणि तो आता सर्वमान्य आहे.

म्हणून आपला पूर्णविराम आपण सोडू नये, असे मला मनापासून वाटते. आजी लिहिताना पूर्णविराम देतेच, हे एकदा नातीला सांगावे. माणूस ओळखीचा असला की त्याची लिहिण्याची ढबही ओळखीची होते. मात्र निळ्या खुणांच्या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या सुरू झाल्या, तेव्हा ‘वाचून उत्तर दिले नाही’ अशी एक नवी तक्रार घरोघर जन्माला आली आणि लोकांची नाराजी पाहून कंपनीला ती खूण बंद करण्याची सोय द्यावी लागली. पत्र पोचले की नाही एवढेच पूर्वी कळत असे. ते नेमके कधी उघडले, याचा हिशेब पाठवणाऱ्याच्या हाती नव्हता. सेटिंग्जमधील प्रायव्हसीमध्ये जाऊन ‘रीड रिसीट्स’ बंद करा. मग इतरांनी वाचल्याचेही आपल्याला दिसणार नाही आणि ते बरेच आहे. ग्रुपमधली वाचल्याची नोंद मात्र त्याने बंद होत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मुले पळवणाऱ्यांच्या टोळीचे जुने व्हिडिओ पुन्हा फिरत आहेत. मी हरकत घेतली, तर ‘सावध केले तर बिघडले काय?’ असे उत्तर मिळाले. काय करावे?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : काय बिघडते, ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे ठरले. अशा निरोपावर दोन बाण दिसतात. दोन बाणांचा निरोप म्हणजे पाठवणाऱ्यालाही मूळ ठाऊक नसलेला निरोप, एवढे सभासदांना समजावून सांगा, आणि ग्रुपच्या ॲडमिनला राईनपाड्याचे उदाहरण नावानिशी द्या. गुळमुळीत विनंतीचा उपयोग होत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संवादाची बहुतेक साधने विशी-पंचविशीतल्या मुलांनी बनवली, पण ती सारी परदेशात. माझी आजी आगरी बोलते. तिला टाइप करता येत नाही, म्हणून ती फक्त व्हॉइस मेसेज पाठवते. आपल्या भाषेत करण्यासारखे काही उरले आहे का?
– एक विद्यार्थी, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : तुझे निरीक्षण बरोबर आहे. लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये ठिपक्यांची लिपी सिद्ध केली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. ३ डिसेंबर १९९२ रोजी पहिला एसएमएस पाठवणारे नील पॅपवर्थ बावीस वर्षांचे होते, तर फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुक सुरू करणारे मार्क झुकरबर्ग एकोणीस वर्षांचे. पण यातला फरकही लक्षात घे. ब्रेल स्वतः अंध होते आणि त्यांनी आपल्यासारख्यांची अडचण सोडवली. ज्याला अडचण जवळून ठाऊक असते, त्याच्याच हातून टिकाऊ काम होते, आणि ज्यांची अडचण बनवणाऱ्याला दिसत नाही, ते मागे राहतात.

एसएमएसचेच पाहा. १९८५ च्या सुमारास जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर साधी वाक्ये लिहून अक्षरे मोजली आणि १६० पुरेशी आहेत, असे ठरवले. ती रोमन अक्षरे होती. देवनागरीत लिहिले की तीच मर्यादा सर्वसाधारणपणे ७० वर येते, आणि त्यातही ‘स्त्री’ हे एकच अक्षर स, हलन्त, त, हलन्त, र, ईकार अशा सहा जागा खाते. मराठी माणसाने वर्षानुवर्षे ‘kasa ahes’च्या धर्तीवर रोमन लिपीत मराठी लिहिली, त्याला या हिशेबाचाही हातभार लागला. हा अन्याय कुणी मुद्दाम केलेला नव्हता. त्या खोलीत देवनागरी लिहिणारे कुणी नव्हते, इतकेच.

ती उणीव भरून काढणारे काम तुझ्या घरापासून फार दूर झालेले नाही. ऐरोलीचा पूल ओलांडून पवईला गेलास की आयआयटी मुंबई आहे. तिथल्या औद्योगिक डिझाइनच्या विभागात ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्रात बाराखडी उमटते आणि हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवले की अक्षर पूर्ण होते. शाळेत बाराखडी शिकलेल्या कुणालाही ते वेगळे शिकावे लागत नाही.

आता तुझ्या आजीकडे वळू. आवाजाचे लेखन करणारी यंत्रे नमुन्यांवर शिकतात. केंद्र सरकारचे ‘भाषिणी’ आणि मोझिलाचे ‘कॉमन व्हॉइस’ हे उपक्रम लोकांकडून आवाजाचे नमुने गोळा करतात आणि त्यांत मराठी आहे. आजीचे एक साधे वाक्य, बाजारहाटाचे किंवा भातशेतीचे, तुझ्या फोनला ऐकव आणि पडद्यावर काय उमटते ते तिच्याच शेजारी बसून तपास. जिथे यंत्र अडखळेल, तिथून तुझे काम सुरू होते. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे इथल्या गावठाणांतल्या आजी-आजोबांचे बोलणे नोंदवायचे झाले, तर आधी प्रत्येकाची संमती घे, घरातल्या खासगी गोष्टी वगळ, आणि लिहून काढताना आगरी शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नकोस. बोलणाऱ्याने उच्चारला तसाच लिही आणि अर्थ शेजारच्या रकान्यात दे. पहिल्या नोंदी झाल्या की आमच्याकडे पाठव. लेखन तपासण्यासाठी आगरी बोलणारे वाचक आम्ही याच सदरातून मागू.