तलाव आधीच उतरवला, तरी पूर का येतो?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात राहतात. त्यांनी मिंडेन गावाच्या वरच्या अंगाला एका तलावाकाठी छोटे घर घेतले आहे. शरद ऋतूपर्यंत धरणातील ओंडके काढून तो तलाव बराच खाली उतरवतात, तरीही एप्रिल आला की पुराची धास्ती असते, असे ती सांगते. तलावात आधीच जागा केलेली असेल, तर पूर येतोच कसा? आणि तो आणखी खाली का उतरवत नाहीत?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : आपण शिरोळचे असल्यामुळे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे आपल्याला ठाऊकच असतील. मुलगी ज्यांना ओंडके म्हणते, ते साधारण त्याच कामाचे आहेत : धरणाच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या जाड लाकडी तुळया. फरक ऋतूचा आहे. आपण पावसाळ्यापूर्वी बर्गे काढतो आणि पाऊस सरल्यावर घालतो. तेथे मात्र हिवाळाभर पडलेला बर्फ रानात साठून राहतो आणि त्याचे पाणी मार्च-एप्रिलच्या काही आठवड्यांत खाली येते, म्हणून तुळया हिवाळ्यापूर्वी निघतात आणि वसंतात पुन्हा बसतात.

हॅलिबर्टन भागातील हे तलाव ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाचे साठे आहेत. लेक ऑन्टारिओपासून जॉर्जियन बेपर्यंत जाणारा हा ३८६ किलोमीटरचा नौकामार्ग १९२० मध्ये पूर्ण झाला. त्याला उन्हाळ्यात लागणारे पाणी याच तलावांतून सोडतात. त्याचा कारभार पाहणाऱ्या पार्क्स कॅनडा या संघीय संस्थेपुढची अडचण येथूनच सुरू होते, कारण पुरासाठी तलाव रिकामा हवा आणि मे महिन्यात बोटी सुरू होताना तोच भरलेला हवा. फार खाली उतरवला आणि वसंत कोरडा गेला, तर तो भरत नाही. शिवाय धरणाच्या उंबऱ्याखालचे पाणी तुळया काढून निघतच नाही. तिसरे कारण मला विशेष महत्त्वाचे वाटते. लेक ट्राउट हा मासा शरदात काठाजवळच्या खडकाळ उथळ जागी अंडी घालतो. त्यानंतर पातळी उतरवली, तर ती अंडी उघडी पडून गोठतात, म्हणून अशा तलावांतील उतरवणी विणीपूर्वीच आटोपावी लागते.

आता मूळ प्रश्न. रानात किती पाणी साठले आहे, हे आधी मोजता येते : पोकळ नळी बर्फात खुपसून आतल्या बर्फाचे वजन करतात. हिवाळ्याच्या शेवटी मुरलेल्या मीटरभर बर्फात सुमारे ३० सेंटिमीटर पाणी असू शकते. ते किती वेगाने उतरेल, हे मात्र हवेवर ठरते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला, तर बर्फ हळूहळू विरघळतो. पण वितळू लागलेल्या बर्फावर जोराचा पाऊस कोसळला आणि खालची जमीन गोठलेली किंवा पाण्याने तुडुंब असली, तर दोन्ही पाणी एकदमच नदीत येते. एप्रिल २०१३ मध्ये असेच घडले आणि मिंडेनमध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१९ मध्येही ती वेळ आली. अशा वेळी शरदात केलेली जागा लवकर भरते, आणि वरच्या तलावाच्या तुळया काढाव्यात तर ते पाणी गल नदीने मिंडेन गावातूनच खाली जाते. एका तलावाची सुटका हा दुसऱ्याचा पूर ठरतो. पंचगंगेकाठी धरणाच्या विसर्गाची वाट पाहत रात्री काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून धरणावर सगळा भार टाकून बसू नये, असे मुलीला अवश्य सांगावे. पार्क्स कॅनडा तलावांच्या पातळ्या संकेतस्थळावर देते आणि प्रांताचे नैसर्गिक संसाधन मंत्रालय पुराचे संदेश काढते. त्यांतील ‘फ्लड वॉच’ म्हणजे पुराची शक्यता, तर ‘फ्लड वॉर्निंग’ म्हणजे पूर आलेला किंवा येऊ घातलेला. पहिल्या संदेशालाच काठावरच्या बोटी आणि सामान वर न्यावे आणि इंधनाची टाकी घट्ट बांधावी, कारण टाकी तरंगून निघाली की तेल सगळ्या तलावात पसरते. घरात पाणी शिरले, तर विजेची तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नये, आणि विहिरीत पुराचे पाणी गेले असल्यास चाचणीचा निकाल येईपर्यंत ते पिऊ नये. यंदा पाणी सर्वांत वर चढेल तेव्हा काठच्या पक्क्या खडकावर तारखेसह रंगाची खूण करून ठेवावी. पुढच्या वर्षी संकेतस्थळावरचा आकडा आपल्या पायरीपासून किती दूर आहे, हे त्या खुणेवरून कळेल.