आईची फुलदाणी आणि अडीअडचणीची ठेव

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईने दिलेली चिनीमातीची फुलदाणी कपाट पुसताना तुमच्या हातून पडली आणि तिचे सात तुकडे झाले. आई आता नाही. जोडून देणाऱ्या कारागिराने सांगितलेली रक्कम तुमच्या अर्ध्या पगाराएवढी आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी, कार्डावर हप्ते पाडून घ्यावेत, की ‘वस्तूपायी एवढा पैसा घालवू नकोस’ हे बहिणीचं म्हणणं ऐकावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. हा खर्च तुम्ही जरूर करा. पण या महिन्यात नको, ठेव मोडून नको, आणि बहुधा एवढ्या रकमेचाही नको.

दुरुस्तीनंतर किंमत भरून येईल का, हेही तुम्ही विचारलंय. नाही येणार. जोड कितीही सफाईदार असला तरी जोडलेल्या चिनीमातीला अखंड वस्तूचा भाव मिळत नाही. वस्तू खूप जुनी किंवा दुर्मिळ असल्याची शंका असेल तर काहीही चिकटवण्याआधी जाणकाराला दाखवा. एरवी हा सरळ खर्च आहे, आणि तो तसाच मांडावा. बहीण बाजारभाव धरून बोलतेय आणि तिचा हिशोब चुकीचा नाही. पण जी वस्तू तुम्ही कधी विकणारच नाही, तिचा बाजारभाव काढून करायचं काय?

आता ठेवीकडे येऊ. तो पैसा ज्या गोष्टी थांबत नाहीत त्यांच्यासाठी असतो: दवाखाना, गेलेली नोकरी, गळणारं छत. तुमच्याकडे जेमतेम तीन महिन्यांच्या खर्चापुरती शिल्लक आहे. ती मोडलीत तर ठरलेलं व्याज कमी होईल, आणि पुढची अडचण आली तर हात रिकामे असतील. कार्डाचं तर नावच नको. हप्ता चुकला तर त्यावरचं व्याज ठेवीच्या व्याजाच्या कितीतरी पट असतं. आणि चिनीमाती थांबते, ताई. हजार अंशांच्या वर भट्टीत भाजलेली माती आहे ती. तुकडे कोरड्या जागी जपून ठेवलेत तर दहा वर्षांनीही आजच्यासारखेच जुळतील. ते बिघडतात घाईने, चुकीचा गोंद लावल्याने.

हे मी अनुभवाने सांगतोय. वडिलांचा कप फुटला तेव्हा त्याच संध्याकाळी मी झटपट चिकटणारा गोंद घेऊन बसलो. पहिले दोन तुकडे जोडताना केसभर फरक राहिला. नखाने चाचपला तर लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. तोच फरक पुढच्या प्रत्येक जोडात वाढत गेला आणि शेवटचा त्रिकोणी तुकडा त्याच्या जागेत बसेचना. म्हणून जाणकार आधी सगळे तुकडे गोंदाशिवाय, नुसत्या चिकटपट्टीवर जुळवून पाहतात, त्यांचा क्रम ठरवतात आणि मगच गोंद उघडतात.

तुम्हाला सांगितलेली रक्कम कशाची आहे, हे त्या कारागिराला फोड करून विचारा. सात तुकडे जोडणं हा त्यातला लहान भाग असतो. खरा वेळ जातो तो उडालेले टवके भरण्यात, घासून समपातळीत आणण्यात, आणि त्यावर मूळ झिलईसारखा रंग चढवण्यात. हा रंग भट्टीत भाजलेला नसतो, त्यामुळे काही वर्षांनी पिवळट पडू शकतो. म्हणजे सगळ्यात महागडा भागच सगळ्यात कमी टिकाऊ. फक्त मजबूत जोड आणि भरलेले टवके हवेत, रंग नको, असं सांगितलंत तर रक्कम बरीच खाली यावी. जवळून रेघा दिसतील, दुरून फुलदाणी आईचीच दिसेल.

सोनेरी रेघांच्या जपानी पद्धतीचाही, किन्त्सुगीचा, तुम्ही उल्लेख केलाय. खऱ्या किन्त्सुगीत उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडे जोडतात आणि वर सोन्याची भुकटी लावतात. तो चीक दमट हवेत थरावर थर वाळवावा लागतो, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. स्वस्तात मिळणाऱ्या संचात बहुधा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, आणि सोनेरी रंगाची पूड असते. दिसायला छान, पण त्याला खऱ्या कामाचे पैसे मोजू नका.

पत्रात ‘माझ्याच हातून’ हे शब्द तीनदा आलेत. म्हणून मुद्दाम सांगतो: मन असं खात असलं की माणूस सांगितलेली पहिली रक्कम कबूल करून मोकळा होतो. तुमची चूक नव्हती, हातातून वस्तू निसटतात. निदान महिनाभर कुणालाही होकार देऊ नका.

तोवर वेगळं खातं काढा आणि दर महिन्याला पगाराचा बारावा भाग, म्हणजे साधारण ८ टक्के, त्यात टाका. सहा महिन्यांत अर्धा पगार जमतो. साधी दुरुस्ती घेतलीत तर त्याआधीच पुरेल. घराचा विमा असेल तर अपघाती मोडतोड त्यात येते का हेही आजच वाचून घ्या. आईच्या आठवणीचे पैसे कोणी देणार नाही, पण कपाटाची काच वगैरे गेली असेल तर तेवढी निघेल.

कारागिराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नेमकं काय काय करणार, काम करताना आणखी मोडलं तर जबाबदारी कोणाची, आणि गोंद पुढे कधी सोडवता येईल का. पॅरालॉईड बी-७२ हा संग्रहालयांत वापरला जाणारा ॲक्रिलिक गोंद ॲसिटोन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सी सहजी सुटत नाही. मात्र पॅरालॉईड उष्णतेत मऊ पडतो, तेव्हा फुलदाणी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. आणि कुठलाही जोड असला तरी तिच्यात थेट पाणी भरू नका. ताजी फुलं हवीच असतील तर आत काचेची नळी ठेवा आणि पाणी त्या नळीत घाला.

आज रात्री एवढंच करा. सगळ्या तुकड्यांचे फोटो काढा, प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदात गुंडाळा. कडा एकमेकींवर घासू देऊ नका, पुन्हा पुन्हा जुळवूनही पाहू नका, कारण त्या पांढऱ्या, खरखरीत कडांवरच पुढचा जोड बसणार आहे. आणि कपाटाखाली एकदा हात घालून बघा. तांदळाएवढ्या कपच्या सापडल्या तर त्याही एका डबीत ठेवा. भरावाचं तेवढं काम वाचेल, आणि तितके पैसेही.