मुलीने अकरावीत ‘एपी ड्रॉइंग’ घ्यावं का? वर्षभर नेमकं काय करावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी न्यू जर्सीत दहावीत आहे, चित्रं सुबक काढते आणि पुढच्या वर्षी एपी ड्रॉइंग, म्हणजे हायस्कूलमध्येच मिळणारा कॉलेजच्या पातळीचा चित्रकलेचा विषय, घ्यायचं म्हणते. आईवडिलांनी महाराष्ट्रात असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून त्यांना विचारायचंय की परीक्षेत काय काढायला लावतात, घरी अभ्यास किती असतो, कॉलेजला उपयोग होतो का आणि उन्हाळ्यात कुठला क्लास लावावा.

घेऊ द्या. फक्त एकच विषय महिनोन्‌महिने उकरत बसायची तिची तयारी आहे का, हे आधी तिलाच विचारा. मी ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून महाराष्ट्रात काही वर्षं चित्रकला शिकवली, आता इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये शिकवते. आपल्या घरांतल्या मुलांची या वर्गात अडचण होते ती हात कच्चा असल्यामुळे क्वचितच. ‘चांगलं चित्र’ म्हणजे काय याची घरून आलेली कल्पना वेगळी असते, तिथे गाडी अडते.

मुळात ही वर्गात बसून द्यायची परीक्षाच नाही. कुणी समोर कापड, सुरई आणि दोन केळी मांडून देत नाही, स्मरणचित्राला ‘बाजाराचे दृश्य’ असा विषय येत नाही, भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर नसतो. वर्षभर केलेल्या कामाचे फोटो मे महिन्याच्या सुरुवातीला कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे एपी चालवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर चढवायचे, सोबत थोडा मजकूर लिहायचा, की संपलं. या कामाच्या संचाला पोर्टफोलिओ म्हणतात आणि तो तीन प्रकारचा असतो: ड्रॉइंग, टू-डी (सपाट मांडणी) आणि थ्री-डी (त्रिमितीय काम). ड्रॉइंग म्हणजे नुसती पेन्सिल नव्हे, रंगचित्र, छापचित्र, मिश्र माध्यम, टॅबवर काढलेलं चित्र, सगळं चालतं. पाहतात ते रेषा, पृष्ठभाग, छायाप्रकाश, अवकाश आणि हाताने केलेल्या खुणा. तिचा ओढा फोटोग्राफी किंवा पोस्टर-मांडणीकडे असेल तर टू-डी जास्त सोयीचा. हे सप्टेंबरात शिक्षकांशी बोलून ठरवता येतं, आत्ता डोकं शिणवू नका.

२०१९-२० पासून या अभ्यासक्रमाची रचना बदलली आहे. नेटवर ‘ब्रेड्थ’ आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ अशी भागांची नावं असलेली माहिती सापडली तर ती जुनी समजा. आता दोनच भाग आहेत. ‘सिलेक्टेड वर्क्स’मध्ये आपली सर्वोत्तम ५ चित्रं द्यायची, त्याला ४० टक्के वजन. ‘सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन’मध्ये १५ फोटो द्यायचे, त्याला ६० टक्के. पहिल्या भागात तिचा सुबक हात कामाला येईल. इंटरमिजिएटच्या तयारीत घोटून घेतलेलं स्थिरचित्र, प्रमाणबद्धता, पोत दाखवणं, यातलं काही वाया जात नाही.

खरी मेख दुसऱ्या भागात आहे. तिथे मुलाने स्वतःच एक प्रश्न घ्यायचा आणि चित्रांतून त्याच्या मागे लागायचं. १५ फोटोंमध्ये पूर्ण झालेली चित्रं किती असावीत असा नियम नाही. कच्ची रेखाटनं, रंगांच्या चाचण्या, अर्धवट सोडलेलं काम, एकाच चित्राच्या वेगवेगळ्या अवस्था, हे सगळं त्यात मोजलं जातं. तपासणारे चार गोष्टी पाहतात: प्रश्न खरोखर कामाला दिशा देतोय का, सराव, प्रयोग आणि सुधारणा दिसतात का, साहित्य, पद्धत आणि कल्पना एकमेकांत मिसळल्या आहेत का, आणि रेखाटनाचं कौशल्य. म्हणजे ज्या सुबकपणावर आपण मुलांची पाठ थोपटतो, तो या भागात चारातला एक निकष. पंधरा देखणी, एकमेकांशी संबंध नसलेली चित्रं दिलीत तर गुण कमीच पडतात, आणि जुलैत पालक विचारतात की हिची चित्रं तर त्या अमक्यापेक्षा छान होती!

प्रश्न कसा वाढतो ते उदाहरणावरून सांगते. हे कुणा एका विद्यार्थ्याचं काम नाही, वर्गात जे घडताना पाहते त्यावर बेतलेलं आहे. समजा मुलीने घरातली स्टीलची भांडी काढायला घेतली. पहिलं चित्र पेन्सिलीत: डबा, तांब्या, पातेलं. चकाकी मस्त, ‘ए’ ग्रेडचं. वर्गात सगळे वाहवा करतात आणि शिक्षक विचारतात, तांब्याच्या पोटात ते वाकडंतिकडं काय आहे? ती खिडकी असते. तिच्याखाली एक फिकट ठिपका, तो तिचा स्वतःचा चेहरा. इथे प्रश्न जन्मतो: रोजच्या भांड्यांत घर आणि घरातली माणसं कशी वाकतात, आणि कुठे पार नाहीशी होतात?

मग साहित्य बदलायला लागतं. कोळशाने सगळा कागद काळा करून खोडरबराने उजेड उचलायचा, कारण स्टीलवर प्रकाश बाहेरून येऊन पडल्यासारखा दिसतो. काळ्या कागदावर पांढरी पेन्सिल. पुढे तिला वाटतं, धातूवरच का काढू नये? ॲल्युमिनियम फॉइलवर शाई टाकते, शाई ओघळून जाते. त्या फसलेल्या फॉइलचा फोटो ठेवायचा असतो! फॉइलवर जेसोचा (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचा) हात दिल्यावर शाई धरते, पण चकाकी जाते, म्हणून जेसो फक्त चेहऱ्याच्या जागी लावायची युक्ती सुचते. आता माणूस धरून राहतो आणि बाकी घर चमकत निसटतं. साहित्य आणि कल्पना मिसळणं म्हणतात ते हेच. नंतर कधीतरी मोठ्या कागदावर अख्खा ओटा काढते, तो गर्दीचा होतो, मग अर्धा कागद कापून टाकून फक्त पळीची वाटी आणि तीत दिसणारं जेवणाचं टेबल ठेवते. कापण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो जातात.

याउलट ‘माझी भारतीय संस्कृती’ हा विषय. मोर, पणती, नऊवारीतली बाई, मेंदीचा हात, ताजमहाल. दरवर्षी येतो आणि बहुतेकदा पाचव्या चित्रापर्यंत धाप लागते, कारण त्यात विचारण्यासारखं काही नसतं, यादी असते. वारलीचंही तसंच. वारली ही डहाणू-पालघर भागातल्या माणसांची जिवंत कला आहे, जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर उचलून स्वतःच्या कागदावर बसवला तर तो उसना दिसतो. मुलीचं मूळ गाव त्या भागात असेल, किंवा तिच्या प्रश्नाला त्या चित्रभाषेची खरंच गरज असेल, तर गोष्ट निराळी. तसंच पिंटरेस्टवरच्या फोटोवरून नटनट्यांची पोर्ट्रेट उतरवायची सवय असेल तर ती आत्ताच सोडवा. दुसऱ्याचा फोटो किंवा चित्र नुसतं उतरवलेलं चालत नाही. आधार घेतलाच तर त्याचा उल्लेख करायचा आणि त्याच्या खूप पुढे जायचं. एआयकडून काढून घेतलेली चित्रं तर दारातच अडतात.

लिहिण्याचा भाग छोटा आहे, पण मुलं त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात. दोन प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी ६०० कॅरेक्टर, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत ते जेमतेम शंभर शब्द होतात. एकात प्रश्न काय होता ते, दुसऱ्यात सराव-प्रयोग-सुधारणा कुठे दिसते ते. ‘लहानपणापासून मला कलेची आवड आहे’ याला तिथे जागाच नाही. फॉइल, जेसो, कापलेला कागद, हे लिहिलं की झालं. शिवाय प्रत्येक फोटोसोबत साहित्य, पद्धत आणि माप लिहायचं असतं. भाषेच्या चुकांना गुण कापत नाहीत, पण लिहिलेलं चित्रात दिसलं पाहिजे. चित्र एक सांगतंय आणि मजकूर भलतंच, असं झालं की फटका बसतो.

वर्षाची चाल बहुतेक शाळांत साधारण सारखी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शिक्षक विषय देऊन वेगवेगळी माध्यमं हाताळायला लावतात. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आसपास स्वतःचा प्रश्न पक्का करायचा. जानेवारी ते मार्च कामाचा खरा रगाडा. एप्रिलमध्ये फोटो, निवड, लेखन. दर थोड्या दिवसांनी क्रिटिक असतो, म्हणजे काम भिंतीवर लावून सगळ्यांनी त्यावर बोलायचं. आपली गुणी मुलं तिथे गप्प बसतात किंवा ‘आय लाइक इट’ म्हणून सुटतात. बोलायची सवय लागायला वेळ लागतो, घरी टोकू नका. स्केचबुक मात्र रोज हवं, आणि ते घाणेरडं दिसलं तरी हरकत नाही. मला तर घाणेरडंच आवडतं.

घरी वेळ किती? वर्गाबाहेर आठवड्याला पाच-सहा तास धरा, वसंतात जास्त. एपी केमिस्ट्री किंवा कॅल्क्युलसइतकाच वेळ जातो, फक्त तो आदल्या रात्री जागून भरून काढता येत नाही. कोळशाला वाळावं लागत नाही, पण तैलरंग वाळायला दिवस लागतात, आणि मुलांना हे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कळतं. तिचं अकरावीचं वेळापत्रक आधीच तीन-चार एपींनी भरलं असेल तर त्यातला एखादा कमी करा. ‘ड्रॉइंग तर आहे, जमेल मधल्या वेळेत’ या हिशोबावर घेऊ नका.

ग्रेडची भीती वाटते म्हणून सांगते. शाळेचा ग्रेड वर्गशिक्षक देतात, तो मुख्यतः मुदती पाळणं, स्केचबुक, क्रिटिक यांवर असतो, आणि कित्येक शाळा एपीला जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) जादा वजन देतात. कॉलेज बोर्डाचा १ ते ५ चा गुण वेगळा, तो जुलैत येतो. नियमित काम करणाऱ्या मुलीला ग्रेडचा त्रास सहसा होत नाही. ड्रॉइंगमध्ये ३ किंवा त्याहून वर मिळवणाऱ्यांची संख्याही बरीच मोठी असते. ५ मात्र सहज हाती लागत नाही.

कॉलेजचं गणित जरा नीट समजून घ्या. बारावीत हा विषय घेतला तर गुण येईपर्यंत प्रवेश होऊन गेलेले असतात, त्यामुळे गुणाचा प्रवेशाला उपयोग शून्य. चित्रांचा उपयोग मात्र असतो. अकरावीत घेतलं तर जुलैत गुण हाती आणि उन्हाळ्यात अर्जाचा पोर्टफोलिओ नीट करायला सवड, म्हणून तुमच्या मुलीची वेळ चांगली आहे. पण कला महाविद्यालयांना एपीचा पोर्टफोलिओ जसाच्या तसा पाठवू नका. त्यांचे नियम आपापले असतात. रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामं मागते. शरद ऋतूत नॅशनल पोर्टफोलिओ डे भरतात, तिथे वेगवेगळ्या कॉलेजांची माणसं समोर बसून काम पाहतात आणि तोंडावर सांगतात. तिला अकरावीतच एकदा घेऊन जा, मोठी रांग असते, डबा न्या. क्रेडिटबद्दल (म्हणजे कॉलेजातला एखादा कोर्स आधीच झाला असं धरण्याबद्दल) फार आशा ठेवू नका: साधी विद्यापीठं चांगल्या गुणावर एखाद्या कोर्सचं क्रेडिट देतात, कला महाविद्यालयं पहिल्या वर्षाचा स्टुडिओ सहसा माफ करत नाहीत. आणि इंजिनीअरिंगला जायचं असेल तरी हा वर्ग फुकट जात नाही, पण ते तुम्हाला घरात पटवावं लागेल, मला नाही.

उन्हाळ्यात क्लास लावू नका. म्हणजे ‘एपी पोर्टफोलिओ तयार करून देतो’ म्हणणारा क्लास तर मुळीच नको. तिथून आलेली चित्रं मी ओळखते, सगळ्यांच्या डोळ्यांत एकाच कोनातून चकाकी असते. शाळेचं समर असाइनमेंट असेल ते करू दे. बाकी वेळ समोर दिसेल ते काढायचं, फोटोवरून नाही: झोपलेले बाबा, बुटांचा ढीग, लायब्ररीतली माणसं. एक-दोन माध्यमं अशी घ्यायला लावा जी तिला जमत नाहीत. जवळच्या संग्रहालयात न्या आणि प्रत्येक चित्रापुढून हलायची घाई करू नका. गणपतीला देशात जाणार असाल तर स्केचबुक सामानात नाही, हातातल्या पिशवीत ठेवा.

फोटोंचं आत्ताच शिकून ठेवा, कारण तपासणाऱ्यांना मूळ कागद दिसत नाही. खिडकीजवळ, ढगाळ दिवशी, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. पेन्सिलीच्या गडद भागावर चकाकी येते, तेव्हा उजेड बाजूने येईल असं फिरवा. कडा सरळ कापा, मागची चादर, पाय, मांजर दिसू देऊ नका. नाव आणि शाळा कुठेही दिसता कामा नये. काम पूर्ण झालं की त्याच दिवशी फोटो काढायचा, अवस्थांचे फोटो तर काम चालू असतानाच, कारण कागदावर रंग चढल्यावर खालचं रेखाटन परत मिळत नाही.

पैशांचं: परीक्षेची फी साधारण शंभर डॉलर, नोंदणी शरद ऋतूतच करावी लागते, मेमध्ये नाही. कमी उत्पन्न असेल तर सवलत मिळते, शाळेच्या समुपदेशकांना विचारा. साहित्य बरंचसं शाळेत असतं, चांगला कागद आणि खोडरबर मात्र स्वतःचे घ्या. एकाच वर्षी ड्रॉइंग आणि टू-डी दोन्ही द्यायचा विचार तिच्या मनात आला तर नियम तसं करू देतो, पण एक चित्र दोन्हीकडे वापरता येत नाही, म्हणजे काम थेट दुप्पट. अकरावीत नको.