‘फोन लावला, पण लागला नाही’ : हा प्रयोग अशुद्ध आहे का?

प्रश्न असा आहे : एका लेखात ‘मी त्यांना दोनदा फोन लावला, पण लागला नाही’ असे वाक्य होते. मजकूर तपासणाऱ्यांनी ‘फोन लावणे’ हा हिंदीतील ‘फोन लगाना’चा शब्दशः अनुवाद ठरवला आणि त्याऐवजी ‘दोनदा दूरध्वनी केला, पण संपर्क होऊ शकला नाही’ असे सुचवले. ही दुरुस्ती स्वीकारावी का?

माझ्या मते स्वीकारू नये. ‘लागणे’ हे क्रियापद संस्कृत ‘लग्’ धातूपासून प्राकृतातून मराठीत आणि हिंदीत आपापल्या वाटेने आलेले आहे, त्यामुळे दोन्हीकडे सारखा प्रयोग दिसला म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतला, असे होत नाही. हिंदीत तर ‘फोन मिलाना’ हाही प्रयोग चांगलाच रुळलेला आहे; तो मराठीने घेतला नाही. मराठीला ‘लावणे’ आणि ‘लागणे’ ही जोडी आधीपासून अंगवळणी पडलेली होती. माणूस शोध लावतो आणि शोध लागतो. पोलीस छडा लावू पाहतात आणि छडा लागतो किंवा लागत नाही. गायक सूर लावतो, पण तो लागेलच असे नाही. जोडीतले पहिले रूप करणाऱ्याच्या प्रयत्नाचे, दुसरे फळाचे, आणि ते फळ सर्वस्वी करणाऱ्याच्या हाती नसते. फोनच्या बाबतीत ते ज्याच्या हाती असते ते म्हणजे एक्स्चेंज, छापील मराठीत दूरध्वनी केंद्र. म्हणून या प्रयोगाचे मोल कळण्यासाठी एक्स्चेंज काय करते, हे थोडे बारकाईने पाहावे लागते.

मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले ते 1882 साली. त्या काळी जोडणी माणसाच्या हाताने होत असे. ऑपरेटरसमोरच्या फळीवर प्रत्येक ग्राहकाच्या नावाचे एक भोक असे. ऑपरेटर दोरीसारख्या वायरचे एक टोक फोन करणाऱ्याच्या भोकात आणि दुसरे टोक हव्या त्या माणसाच्या भोकात खुपसे. ‘जरा फोन लावून द्या’ हे वाक्य या व्यवस्थेला तंतोतंत बसते, कारण लावणारा हात दुसऱ्याचा होता. कचेऱ्यांतून साहेबांच्या तोंडी ते अजूनही ऐकू येते, आणि तिथेही लावणारा दुसराच असतो.

हा मधला हात काढून टाकण्याची कल्पना अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्राउजर यांची. ते अंत्यविधीची व्यवस्था करण्याच्या व्यवसायात होते, आणि आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयातून त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगतात. पेटंट त्यांना 1891 मध्ये मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्यांच्या पद्धतीचे स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. नंबर फिरवण्यासाठी फोनवर बसवलेली भोकांची तबकडी आणखी काही वर्षांनी आली, आणि तिच्यासाठी मराठीत ‘नंबर फिरवणे’ हा प्रयोग रूढ झाला.

गंमत अशी की, तबकडी आपण फिरवत असलो तरी नंबर पाठवला जाई तो ती सुटून मागे येताना. परतीच्या वाटेवर ती तारेतला विद्युतप्रवाह सेकंदाला साधारण दहा वेळा या गतीने तोडत येई : पाचला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. एखाद्या लहान एक्स्चेंजमध्ये 2345 हा नंबर फिरवला असे समजू. दोनच्या दोन झटक्यांनी (प्रवाह एकदा तुटणे म्हणजे एक झटका) पहिल्या सिलेक्टरचा, म्हणजे पुढची वाट निवडणाऱ्या यंत्राचा, उभा दांडा दोन पायऱ्या वर चढे आणि मग त्या मजल्यावर स्वतःहून आडवा फिरत पुढचा मोकळा सिलेक्टर शोधे. तिथे तीनचे झटके तीन पायऱ्या चढवत. शेवटचा सिलेक्टर चारने वर चढे, पाचने आडवा सरके, आणि दांड्यावरचे वायपर, म्हणजे धातूची स्पर्श करणारी टोके, शंभर जागांपैकी 45 क्रमांकाच्या जागी टेकत. ती लाइन मोकळी असली तरच घंटा वाजे. म्हणजे ‘फोन लागला’ या वाक्यातला ‘लागणे’चा अगदी मूळ अर्थ, स्पर्श होणे, इथे डोळ्यांनी पाहता येत होता. एक्स्चेंजमुळे हा शब्द मराठीत आला असे मी म्हणत नाही. तो कितीतरी जुना आहे. पण यंत्र जे करत होते त्याला तो इतका चपखल बसला की दुसरा शोधण्याची गरजच पडली नाही.

आता सुचवलेल्या दुरुस्तीकडे पाहू. ‘संपर्क होऊ शकला नाही’ म्हटल्यावर नेमके काय झाले? फोन लागलाच नाही, की एंगेज लागला, की लागला पण उचलला नाही? बोलणारा मराठी माणूस या तीन गोष्टींत कधी गल्लत करत नाही, आणि एक्स्चेंजही करत नाही. वाटेतल्या एखाद्या मजल्यावर पुढे जाणारी एकही लाइन मोकळी नसेल, तर फोन ‘लागतच नाही’. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ही सूचना याच अवस्थेची. वायपर योग्य जागी पोचले पण तो ग्राहक दुसऱ्याशी बोलत असेल, तर फोन ‘एंगेज लागतो’, आणि इथेही क्रियापद ‘लागणे’च आहे, कारण वाट पूर्ण झालेली आहे. घंटा वाजते आणि कोणी घेत नाही, तेव्हा फोन लागलेला असतो, उचललेला नसतो. आता प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा असतो. रुसलेल्या नातेवाइकाबद्दल बोलताना हा फरक फार मोठा असतो. ‘संपर्क झाला नाही’ या शब्दांत तो पुसला जातो.

‘फोन ठेवणे’ही असेच. रिसीव्हर ठेवला की प्रवाह थांबे, आणि सगळे दांडे सुटून आपापल्या मूळ जागी परतत. पुष्कळ जुन्या व्यवस्थांत फोन करणाऱ्याने ठेवल्याशिवाय समोरच्याची लाइन मोकळी होत नसे. त्यामुळे ‘ठेवतो आता’ हे निरोपाचे शब्द यंत्रालाही लागू होते.

पुढे आडव्या-उभ्या पट्ट्यांची क्रॉसबार पद्धत आली. ती आधी पूर्ण नंबर लक्षात ठेवून मगच वाट ठरवी. 1980च्या दशकात आपल्याकडे डिजिटल एक्स्चेंज आली, 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी लहान एक्स्चेंज घडवली, आणि स्पर्शाचा भाग संपला. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन त्यांचे आकडे केले जातात, आणि एकाच्या वाट्याच्या क्षणातले आकडे दुसऱ्याच्या वाट्याच्या क्षणात ठेवणे, एवढीच जोडणी उरते. ‘नंबर फिरवणे’ हा प्रयोग तबकडीबरोबर मागे पडत चालला आहे, कारण तो हाताच्या एका विशिष्ट हालचालीला बांधलेला होता. ‘लागणे’ तसा बांधलेला नाही, म्हणून मोबाइलवरही तो अडखळत नाही.

तेव्हा मूळ वाक्य होते तसेच ठेवावे. लेखाच्या भाषेला ‘दूरध्वनी’ हाच शब्द हवा असेल तर ‘दूरध्वनी लावला, पण लागला नाही’ असे लिहिण्यासही हरकत नाही. ‘दूरध्वनी केला’ हेही चालेल, मात्र वाक्याच्या उत्तरार्धातील ‘लागला नाही’ बदलू नये, कारण लेखकाला जे सांगायचे आहे ते त्याच दोन शब्दांत आहे.